गाय फॉक्स: जिला उडवायला निघाला, त्या संसदेनेच त्याला अमर केलं

अटकेपार

नोव्हेंबर उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो पांढरा मुखवटा फिरायला लागतो. वर वळलेली मिशी, टोकदार दाढी, गालातल्या गालात हसू आणि खाली 'व्यवस्थेविरुद्ध उठा' छापाचा मजकूर. मुखवट्यामागचा माणूस, म्हणजे १६०५ मध्ये इंग्लंडची संसद उडवायला निघालेला गाय फॉक्स, व्यवस्थेविरुद्ध उठला होता हे खरंच आहे. पण त्या जागी त्याला कुठली व्यवस्था आणायची होती हे कळलं, तर निम्मी मंडळी मुखवटा गुपचूप खाली ठेवतील. म्हणून हा धागा.

गाय फॉक्सचा बाप्तिस्मा १६ एप्रिल १५७० ला यॉर्कमध्ये झाला, तिथल्या भव्य कॅथीड्रलला लागून असलेल्या सेंट मायकल ल बेलफ्री या चर्चमध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोप पाचव्या पायसने इंग्लंडच्या प्रोटेस्टंट एलिझाबेथ राणीला धर्मबहिष्कृत केलं आणि तिच्या कॅथलिक प्रजेला राजनिष्ठेतून मोकळं केलं. पोपच्या दृष्टीने हा उपकार होता. प्रजेच्या गळ्यात मात्र धोंड पडली. प्रत्येक कॅथलिक माणूस आता सरकारच्या लेखी संभाव्य फितूर झाला.

फॉक्सचं घर कॅथलिक नव्हतं. वडील यॉर्कच्या धर्मन्यायालयात वकिली करत आणि रीतसर प्रोटेस्टंट होते. गाय आठ वर्षांचा असताना ते गेले. आईने दुसरं लग्न केलं ते कॅथलिक माणसाशी. पोरगा शिकायला सेंट पीटर्स शाळेत. जॉन आणि ख्रिस्तोफर राइट हे भाऊही तिथलेच, पुढे दोघेही कटात. १५८६ साली त्याच गावात मार्गारेट क्लिदरो या खाटकाच्या बायकोला अंगावर दार ठेवून, त्यावर दगड रचून मारलं. पाद्र्यांना घरात आसरा दिल्याचा आरोप होता आणि ती न्यायालयात बाजू मांडायलाच तयार नव्हती. गाय तेव्हा सोळाच्या आसपास. त्याच्यावर या घटनेचा काय परिणाम झाला ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण एवढ्याशा गावात ती त्याच्या कानावर गेलीच नसेल हे मला पटत नाही.

छळ कागदोपत्रीही होता. १५८१ पासून सरकारी चर्चला न जाणाऱ्याला महिन्याला २० पौंड दंड. साध्या मजुराला वर्षभर राबूनही तेवढे मिळत नसत. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेला पाद्री इंग्लंडमध्ये सापडला की तो थेट राजद्रोही.

विशी ओलांडल्यावर गायने वडिलोपार्जित जमीन विकली आणि युरोप गाठला. तिथे तो स्पेनच्या फौजेत भरती झाला आणि डच प्रोटेस्टंट बंडखोरांविरुद्ध लढला. १५९६ ला स्पेनने कॅले घेतलं तेव्हा तो तिथे होता. नाव बदलून 'गिदो' झाला. सुरुंग, बंदुकीची दारू, जामगी (दारू पेटवायची वात) ही विद्या त्याने तिथेच कमावली. १६०३ मध्ये तो स्पेनच्या दरबारात गेला आणि इंग्लंडवर चालून या म्हणून गळ घालू लागला. स्पेनला तोवर लढायांचा कंटाळा आला होता. गोड बोलून त्याची बोळवण झाली आणि पुढच्याच वर्षी स्पेनने इंग्लंडशी तह केला.

दरम्यान एलिझाबेथ जाऊन जेम्स गादीवर आला होता. त्याची आई मेरी कॅथलिक, शिवाय गादीवर येण्याआधी त्याने गोलगोल आश्वासनं दिलेली, त्यामुळे कॅथलिकांच्या आशा वाढल्या होत्या. फेब्रुवारी १६०४ मध्ये त्याने पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम काढला. दंडवसुलीही पुन्हा सुरू झाली.

आता कटाचा खरा धनी. त्याचं नाव रॉबर्ट केट्सबी. वॉरिकशरचा जमीनदार, देखणा, बोलण्यात वाघ, १६०१ च्या अर्ल ऑफ एसेक्सच्या बंडात भाग घेऊन जबर दंड भरलेला. कल्पना, माणसं, पैसा, शपथा, सगळं त्याचं. २० मे १६०४ ला लंडनच्या स्ट्रँडवर 'डक अँड ड्रेक' नावाच्या खाणावळीत पाच जण जमले: केट्सबी, थॉमस विंटूर, जॉन राइट, थॉमस पर्सी आणि फॉक्स. प्रार्थनापुस्तकावर हात ठेवून शपथ झाली आणि मग शेजारच्या खोलीत मिस्सा, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी. पुढे माणसं वाढत तेरा झाली. फॉक्सला विंटूरने फ्लँडर्सहून मुद्दाम आणलं होतं, कारण दारूगोळ्यातला जाणकार आणि लंडनमध्ये कुणी चेहऱ्याने न ओळखणारा माणूस हवा होता. थोडक्यात, तंत्रज्ञ.

पर्सीने संसदेजवळ घर घेतलं, फॉक्स 'जॉन जॉन्सन' नावाने त्याचा नोकर झाला. मार्च १६०५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बरोबर खालचं तळघर चक्क भाड्याने मिळालं. ३६ पिंपं दारू आणि वर सरपणाचा ढीग. प्लेगमुळे अधिवेशन दोनदा पुढे गेलं, त्यात आधीची दारू खराब झाली आणि नवी आणावी लागली. राजा, युवराज, सरदार, बिशप, न्यायाधीश सगळे एका खोलीत जमले की उडवायचे, नऊ वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथला पळवायचं आणि नावापुरती गादीवर बसवायचं, असा बेत.

२६ ऑक्टोबरला लॉर्ड माँटीगलला निनावी पत्र आलं: या संसदेला भयंकर तडाखा बसणार आहे, तुम्ही जाऊ नका. त्याने ते मंत्री रॉबर्ट सेसिलकडे पोचवलं. ४ नोव्हेंबरला पहिली झडती झाली, सरपण दिसलं, शेजारी उभा 'नोकर' दिसला, मंडळी परत गेली. मध्यरात्रीच्या सुमारास दुसरी झडती झाली. फॉक्स अंगरखा, टोपी, बूट आणि टाचेला घोडेस्वाराच्या आऱ्या अशा थाटात सापडला. नोकर मध्यरात्री तळघरात आऱ्या लावून का उभा राहील? जवळ जामगी आणि घड्याळ. त्याचा म्हणून जपलेला कंदील ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

राजासमोर उभं केल्यावर तो मुळीच गडबडला नाही. एवढी दारू कशाला, असं एका स्कॉटिश सरदाराने विचारल्यावर म्हणाला, तुम्हा स्कॉच भिकाऱ्यांना तुमच्या डोंगरात परत उडवायला. खिशातल्या पत्रावर गाय फॉक्स नाव निघालं, तर तेही माझंच एक टोपणनाव म्हणाला. ६ नोव्हेंबरला जेम्सने छळाची लेखी परवानगी दिली: आधी सौम्य प्रकार वापरा, मग पायरी पायरीने वर चढा. ९ नोव्हेंबरच्या जबाबाखालची सही जालावर सहज सापडते. जरूर बघा. फक्त 'Guido', तेही फिकट, थरथरत्या रेघेत, आडनावाच्या जागी काहीच नाही. ज्या हाताने पिंपं रचली त्याला पिसाची लेखणी धरवत नव्हती. पुढची, बरी झाल्यावरची सही शेजारी ठेवली की मधल्या दिवसांत काय झालं ते वेगळं सांगायला नको.

३१ जानेवारी १६०६ ला वेस्टमिन्स्टरच्या ओल्ड पॅलेस यार्डात, म्हणजे उडवायच्या इमारतीच्या दारातच, चौघांना मारलं. फॉक्सचा नंबर शेवटचा. फाशी, मग जिवंतपणीच पोट फाडणं, मग चार तुकडे अशी शिक्षा होती. शिडी चढायला जल्लादाने हात दिला, पण खाली येताना मान मोडली आणि पुढचं सगळं प्रेतावर झालं.

आता माझा मुद्दा. हा माणूस लक्षात राहायचं खरं तर काही कारण नव्हतं. कटाचा म्होरक्या केट्सबी. पण संसदेने जानेवारी १६०६ मध्ये कायदा केला की दर ५ नोव्हेंबरला चर्चमध्ये देवाचे आभार मानायचे. हा कायदा १८५९ पर्यंत, अडीचशे वर्षं चालू होता. सरकारी हुकमाने टिकवलेली आठवण आहे ही. आणि ती आज सरकारविरोधाची खूण म्हणून बाजारात विकली जाते.

---

खडूस_काकू

वाचनखूण साठवली. पण केट्सबीचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीस. म्होरक्या म्हणतोस आणि वाऱ्यावर सोडतोस?

---

अटकेपार

काकू, लांबी वाढेल म्हणून गाळलं. तो मिडलंड्सकडे पळाला. वाटेत लोक उठतील, घोडे-शस्त्रं मिळतील असा हिशोब होता. कॅथलिक घरांनीच दारं लावून घेतली. ७ नोव्हेंबरच्या रात्री स्टॅफर्डशरच्या होल्बीच हाउसमध्ये पोचले. पावसात दारू भिजली होती. ती त्यांनी चुलीसमोर पसरून वाळत घातली!! ठिणगी उडाली, काही जण भाजले, जॉन ग्रँटचे डोळे गेले. दारूने संसद उडवायला निघालेल्यांच्या शेवटी स्वतःच्याच तोंडावर दारू उडाली. दारूतला जाणकार फॉक्स त्या वेळी लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे किल्ल्यातल्या तुरुंगात होता ना. दुसऱ्या दिवशी शेरीफने दोनशे माणसांनिशी वेढा घातला. केट्सबी आणि पर्सी एकाच गोळीत गेले असं सांगतात. राइट बंधूही तिथेच पडले.

---

लीड्सकर

मस्त धागा. यॉर्कला माझं नेहमी जाणं असतं. जन्मघर म्हणून पाटी लावलेली खानावळ आहे, आणि दुसऱ्या गल्लीतलं घरही दावा सांगतं. सेंट पीटर्स शाळा अजून चालू आहे आणि आपल्या माजी विद्यार्थ्याचा पुतळा ते जाळत नाहीत, ही बाब मला फार आवडते.

पण खरी ५ नोव्हेंबर बघायची तर ससेक्समधल्या लुइसला जा. बाकी देशात आता नुसती आतषबाजी, गरम सूप आणि पोरांच्या हातात फुलबाज्या. लुइसला अजून धग आहे. अरुंद उतरती गल्ली, दुकानांच्या काचांवर लाकडी फळ्या ठोकलेल्या, मंडळांच्या मिरवणुका मशाली घेऊन उतरतात. डांबराचा धूर घशात बसतो, जॅकेटचा वास दोन धुण्यांतही जात नाही. सतरा पेटते क्रूस नेतात, मेरी राणीच्या (जेम्सची आई नव्हे, एलिझाबेथच्या आधीची कॅथलिक राणी) काळात त्या गावात जिवंत जाळलेल्या सतरा प्रोटेस्टंटांसाठी. म्हणजे तिथे फॉक्स हे निमित्त आहे, हिशोब त्याच्या आधीचा आहे. एका मंडळाकडे अजून 'नो पोपरी'चा (पोपशाही नको) फलक असतो आणि १६०५ सालच्या पोपचा पुतळाही आगीत जातो. माझ्या बरोबरचा आयरिश सहकारी हसत होता, पण फोटो काढ म्हटल्यावर नको म्हणाला.

---

जामगीवाला

जामगी शब्द वाचून लॉगिन केलं. :)

एक शंका. सेसिलला २६ ला पत्र मिळतं आणि तळघर ४ तारखेपर्यंत कुणी बघत नाही? हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खाली कुणा पर्सीच्या नोकराला तळघर भाड्याने मिळतं? मला तर हा सेसिलनेच पोसलेला कट वाटतो. कॅथलिकांना ठेचायला निमित्त हवं होतं, मिळालं.

---

अटकेपार

ही शंका तेव्हापासूनची आहे, तू पहिला नाहीस. थॉमस विंटूरच्या कबुलीजबाबाखाली 'Winter' अशी सही आहे आणि तो स्वतः 'Wintour' लिहायचा, हा तुझ्या बाजूचा सर्वात बरा पुरावा. संसदेखाली खणलेल्या भुयाराची गोष्टही जबाबात येते, पण ते भुयार कुणाला कधी सापडलं नाही.

तरी मला पूर्ण बनाव पटत नाही. राजा शिकारीला रॉइस्टनला होता, १ नोव्हेंबरला त्याला पत्र दाखवलं. सेसिलने कट पिकू दिला आणि ऐन वेळी तोडला, एवढं मी मानतो. कट पिकू देणं वेगळं आणि पेरणं वेगळं. बनाव असता तर केट्सबी होल्बीचला जीव तोडून लढला कशाला? भाड्याचं म्हणशील, तर तो वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा म्हणजे दुकानं, खानावळी, कोठारं यांनी खच्चून भरलेली जागा होती. आजचा बंदोबस्त तिथे कल्पू नकोस.

पत्र कुणी लिहिलं हे मात्र कोडंच. संशय बहुतेकांचा फ्रान्सिस ट्रेशमवर, माँटीगल त्याच्या बहिणीचा नवरा. तो डिसेंबरात टॉवरमध्ये आजाराने मेला.

---

सह्याद्रीचा_वारा

लेख चांगला पण सूर खटकला. धर्मासाठी छळ होतो, जमिनी जातात, बाईला दगडाखाली चिरडतात, अर्ज-विनंत्या करून काही होत नाही. मग माणसाने करायचं काय? आपल्याकडे बाँब बनवणाऱ्यांना आपण क्रांतिकारक म्हणतो. फॉक्सला 'तंत्रज्ञ' म्हणून हिणवणं पटलं नाही. स्पेनची मदत मागितली म्हणून नाक मुरडायचं, तर आपल्या लोकांनीही जर्मनी-जपानकडे मदत मागितलीच की.

---

अटकेपार

हिणवलं नाही रे, कटातलं त्याचं काम सांगितलं. छळाबद्दल आपलं एकमत आहे. पण त्या खोलीत कोण कोण बसणार होतं बघ. कॅथलिक सरदारही होते. फॉक्स पोरवयात ज्या घरी चाकरीला होता त्या माँटेग्यू घराण्याचा वारस संसदेत बसणारा होता. या लोकांना सावध करायचं का यावर कटवाल्यांत घोळ होता आणि केट्सबीने उडवून लावलं. दुसरं, स्वराज्य वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हतं. एका धर्माचा राजा घालवून दुसऱ्या धर्माची बाहुली बसवायची होती. त्या बाहुलीच्या राज्यात प्रोटेस्टंटांचं काय झालं असतं, त्याचं उत्तर लीड्सकरने सांगितलेल्या सतरा क्रूसांत आहे.

---

सह्याद्रीचा_वारा

जिंकले असते तर लोकांनी त्याच गोष्टीला 'मुक्ती' म्हटलं असतं. असो. यावर आपलं जमणार नाही, पण पूर्वपीठिका सविस्तर दिलीस हे मान्य.

---

खडूस_काकू

दोघं भांडताय त्यात एक बाजू राहिली. कटाची किंमत कुणी मोजली? मेलेल्या तेरांनी नाही. १६०६ च्या कायद्याने कॅथलिकांना वकिली बंद, वैद्यकी बंद, राजनिष्ठेची वेगळी शपथ सक्तीची. जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) प्रमुख हेन्री गार्नेटला त्याच वर्षी मे महिन्यात फाशी, पाद्र्यापुढे दिलेल्या कबुलीच्या गुप्ततेमुळे त्याला कट कळूनही बोलता आलं नाही, हा वाद वेगळाच. निकोलस ओवेन म्हणून एक ठेंगणा सुतार होता. कॅथलिक वाड्यांत भिंतीत, जिन्याखाली पाद्री लपवायच्या जागा रात्री एकट्याने बांधायचा. कटाशी संबंध नसताना टॉवरमध्ये छळून मारला, तोंडातून एक जागा काढली नाही. कॅथलिकांना संसदेत बसायला १८२९ उजाडावं लागलं. इंग्लंडच्या गादीवर कॅथलिक आजही बसू शकत नाही. मुखवटा काढायचाच तर ओवेनचा काढा.

---

अटकेपार

काकू, _/\_ हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता.

---

मांडवीकाठ

गोंयकार हजर. दोन गोष्टी.

एक, फॉक्सच्या इंग्लंडचा आणि मराठीचा थेट संबंध आहे. फादर थॉमस स्टीफन्स! विल्टशरचा हा कॅथलिक तरुण थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर नोकराच्या वेषात फिरत होता. पाउंड पकडला गेला आणि पुढची कितीतरी वर्षं तुरुंगात सडला. स्टीफन्स रोमला निसटला, जेझुइट झाला आणि १५७९ ला गोव्यात उतरला. फॉक्स तेव्हा यॉर्कात नऊ वर्षांचं पोर. वेस्टमिन्स्टरखाली पिंपं रचली जात होती तेव्हा हा साष्टीत होता, आणि त्याचं क्रिस्तपुराण १६१६ ला रायतूरला छापलं गेलं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण बहुतेकांनी वाचल्यात. तोही मायदेशी परतला असता तर कायद्याने राजद्रोहीच ठरला असता.

दोन, आमच्याकडे १७८७ ला पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट झाला. कांदोळीच्या पिंटोंच्या वाड्यात बैठका. पुढारी स्थानिक पाद्री, कारण कातडीचा रंग बघून त्यांना वरच्या जागा नाकारल्या जात. इथे गंमत अशी की पोर्तुगालची राणीही कॅथलिक, कट करणारेही कॅथलिक. धर्म एक असूनही भागलं नाही. फितुरी झाली, १७८८ मध्ये पणजीत पंधरा जणांना हालहाल करून मारलं, पाद्र्यांना लिस्बनच्या तुरुंगात धाडलं. त्यांच्यासाठी कुणी फटाके उडवत नाही.

---

लीड्सकर

स्टीफन्सचा काळ फॉक्सशी जुळतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मांडवीकाठ, पिंटोंवर स्वतंत्र धागा काढाच.

बाय द वे, पुतळा जाळायची पद्धत बघताना मला दरवर्षी तुमचा नरकासुर आठवतो. पोरं वर्गणी मागत फिरतात ते तर सेम. इथे 'पेनी फॉर द गाय' म्हणत फिरायची, आता फारशी दिसत नाहीत. सुरुवातीला पुतळा बहुधा पोपचा असायचा, गाय फॉक्स नंतर आला.

---

जामगीवाला

मुखवट्याबद्दल कुणीच बोललं नाही?

---

अटकेपार

त्यात सांगण्यासारखं थोडंच. १९८० च्या दशकातल्या एका ब्रिटिश चित्रकथेसाठी तो चेहरा काढला गेला, मग त्यावर चित्रपट आला. २००८ पासून 'अ‍ॅनॉनिमस'वाले (निनावी हॅकर-निदर्शकांचा गट) निदर्शनांना घालायला लागले. जून २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या बंदीविरुद्ध मुंबईतही पोरं तो घालून आली होती. चेहऱ्याचे हक्क अमेरिकन चित्रपट कंपनीकडे आहेत, म्हणजे भांडवलशाहीविरोधी मोर्च्यासाठी अधिकृत मुखवटा घेतला की पैसे तिकडेच. यावर मी टोमणा मारायची गरजच नाही.

एक जास्त मजेशीर गोष्ट: ब्रिटिश संसदेच्या अधिवेशनाचं राजाच्या हस्ते उद्घाटन असतं तेव्हा आधी राजाचे रक्षक लाल पोशाखात हातात कंदील घेऊन तळघरं तपासतात. खरा बंदोबस्त अर्थात पोलीस आणि त्यांची कुत्री करतात. जुनी इमारत १८३४ च्या आगीत बहुतेक संपली, फॉक्सचं तळघर आता जागेवर नाही. झडती चालूच.

---

मांडवीकाठ

पिंटोंचा धागा चतुर्थीनंतर. तोवर घरात माणसं आणि माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची आरास). पण एक अट आहे, सह्याद्रीचा_वारा यांनी तिथेही भांडायला यायचं.

---

सह्याद्रीचा_वारा

येतो की. पुभाप्र.